नाना, तुम्ही आधी फडकं अंथरलंत

आदरणीय नानांना,

साष्टांग नमस्कार.

नाना, त्या दिवशी दुकानात तुमचे आभार नीट मानायचे राहून गेले. तुमच्या पुढ्यात जळक्या मोटारी पडलेल्या, बाकड्यावर शेतकरी खोळंबलेले, आणि माझ्या तोंडातून शब्द फुटेना. पैसे दिले, ड्रिल मशीन पिशवीत घातलं आणि निघालो. घरी आल्यापासून ते मनाला लागून राहिलंय. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितोय. अमळनेर, पारोळा, धुळे या पट्ट्यात फर्निचर फिटिंगवर पोट असलेली माझ्यासारखी पुष्कळ पोरं आहेत, त्यांनीही ते वाचावं.

मी तुमच्याकडे आलो तेव्हा आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, तोंडावर होती. ज्या घरी किचनचं काम चालू होतं, तिथली लेक लग्नानंतर पहिल्यांदा आखाजीला माहेरी येणार होती. घरच्या माउलीचं एकच म्हणणं होतं, की पोरगी यायच्या आत ओटा आणि कपाटं आवरली पाहिजेत. कपाटांची शटर, म्हणजे दारं, कापून तयार, सनमायका लागलेला, आणि ऐन वेळी ड्रिल मशीनने दगा दिला. बॅटरी ठणठणीत, मोटार ठणठणीत. भोक पाडायचं बिटच धरून ठेवत नव्हतं.

जे हे काम करत नाहीत त्यांना यात एवढं काय, असं वाटेल. शटरला ऑटो हिंज, म्हणजे आपोआप मिटणारी बिजागरी, बसवायचं तर आतल्या बाजूने ३५ मिमी व्यासाचा खड्डा पाडावा लागतो. १८ मिमीच्या प्लायमध्ये तो १२-१३ मिमी खोल जातो, मागे जेमतेम ५ मिमी लाकूड उरतं. तिथे बिट थरथरलं की खड्ड्याचा काठ फाटतो, सनमायक्याचे टवके उडतात, आणि हिंज बसलं तरी वर्षभरात शटर लोंबायला लागतं. माझ्या मशीनचा चक, म्हणजे बिट पकडणारा पुढचा भाग, झिजला होता. हाताने पिळून आवळायचा, बिनचावीचा चक. त्यातल्या तीन जबड्यांची पकडच गेली होती. जोर आला की चक फिरायचा आणि बिट जागच्या जागी उभं. बिटच्या दांड्यावर गोल गोल चरे पडलेले तुम्ही बघितलेच.

तुमच्याकडे यायच्या आधी जिथे जिथे गेलो, तिथलं सांगतो. नाव कुणाचंच घेत नाही.

जिथून मशीन घेतलं, त्या दुकानदाराने ते हातात न घेताच सांगितलं, ‘आता याला काही होत नाही, नवीन घ्या.’ नव्याची किंमतही लगेच सांगितली. दुसरीकडे काउंटरवरच्या माणसाने मशीन काचेवर दाणकन टाकलं आणि म्हणाला, पुढचा गिअरबॉक्सचा सगळा भाग बदलावा लागेल, माल मागवावा लागेल, कधी येईल ते सांगता येत नाही. तिसऱ्याने काम घेतलं खरं. जबडे पूर्ण उघडले की तळाशी जो स्क्रू दिसतो, तो त्याने इतका चुकीच्या बाजूला पिळला की स्क्रूचं डोकंच खाऊन टाकलं. मग मशीन परत देत म्हणाला, ‘कंपनीने असंच बनवलंय, निघत नाही.’ वर तपासणीचे पैसे घेतले.

राग पैशांचा नाही, नाना. या तिघांपैकी एकानेही चक हा वेगळा मिळणारा भाग आहे, एवढं साधं वाक्य उच्चारलं नाही. तीनचार वर्षं ज्या मशीनवर घर चाललं, ते भंगारात घाला म्हणून मोकळे झाले. ऐन उन्हाळ्यात, डोक्यावर पंचा टाकून, उन्हाच्या झळा खात माणूस दारात येतो, त्याला पाणी तरी विचारावं. तेही नाही.

तुमच्या दुकानाचं मला रस्त्यातल्या एका रसवंतीवाल्याने सांगितलं. रिवाइंडिंगवाला, म्हणजे जळक्या मोटारींची कॉइल नव्याने भरणारा माणूस, बॅटरीच्या ड्रिलचं काय करणार, असं वाटत होतं. त्यातून हंगाम तुमचा. विहिरींचं पाणी खाली गेलं की मोटारी कोरड्या चालतात, व्होल्टेज पडतं, कॉइल जळतात, आणि सगळा शिवार तुमच्या दारात. मी आलो तेव्हा तुम्ही एका स्टेटरच्या, म्हणजे मोटारीच्या न फिरणाऱ्या भागाच्या, खाचांत कागद सरकवत होता. व्हार्निशचा वास दुकानभर. तुम्ही मान वर केलीत आणि म्हणालात, ‘बठ भाऊ. काय व्हयनं मशीनले?’

मी मशीन पुढे केलं. आणि मग तुम्ही जे केलंत, त्यासाठी हे पत्र आहे.

तुम्ही ते लगेच घेतलं नाहीत. आधी हात पुसलेत. टेबलावर तांब्याच्या तारांचे तुकडे, कटर, हातोडी पडलेली होती, ती हाताने बाजूला सारलीत. खुंटीवरचं एक धुतलेलं फडकं काढलंत, त्याची चौपदरी घडी घातलीत, टेबलावर अंथरलंत आणि त्या घडीवर माझं मशीन आडवं ठेवलंत. मग बॅटरी काढून माझ्या हातात दिलीत. ‘ही तू सांभाळ,’ म्हणालात.

नाना, माझं मशीन काही नवं नाही. त्याला फेविकॉलचे डाग आहेत, मुठीचं रबर एका बाजूला सुटलंय, ते मी टेपने गुंडाळलंय. कितीतरी लोकांनी ते हातात घेतलं असेल, टाकलं असेल, पायाने सरकवलं असेल. त्याच्याखाली कुणी फडकं घातलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. त्या क्षणी माझा जीव भांड्यात पडला. चक निघणार की नाही हे अजून कुणालाच ठाऊक नव्हतं, पण हा माणूस माझ्या मशीनची नासाडी करणार नाही, एवढं कळून चुकलं होतं.

मग तुम्ही टॉर्च धरून चकाच्या तळाशी पाहिलंत आणि ते खाल्लेलं डोकं बघून एवढंच म्हणालात, ‘हाऊ स्क्रू उलटा आटाना शे.’ कुणी केलं, कुठल्या गाढवाने केलं, काही नाही. मीच त्या तिसऱ्याबद्दल बोलायला लागलो, तर तुम्ही विषय बदललात. मला तेव्हा तुमचा हा स्वभावही लक्षात राहिला. तुमच्या जागी दुसरा कुणी असता तर आधी पंधरा मिनिटं दुसऱ्याच्या कामाची उणीदुणी काढली असती आणि मग त्याचे पैसे लावले असते.

स्क्रू उलट्या आट्याचा का, ते तुम्ही मला शांतपणे सांगितलंत. चक स्पिंडलवर, म्हणजे मशीनच्या फिरत्या दांड्यावर, साध्या, उजव्या आट्यांनी बसतो, त्यामुळे मशीन सुलट चाललं की तो आणखी घट्ट होतो. रिव्हर्समध्ये चालवलं की मात्र सुटायला बघतो. तेव्हा हा आतला उलटा स्क्रू त्याला धरून ठेवतो, कारण चक ज्या बाजूला सुटायला जातो त्याच बाजूला हा आवळला जातो. ‘टेबल फॅनचं पातं काढतोस ना, त्याची टोपी कशी उलटी फिरते? तसंच,’ म्हणालात. आठवीनंतर शाळा सुटली माझी. ज्या मशीनवर पोट भरतो ते आतून कसं चालतं, हे मला समजावून सांगणारे तुम्ही पहिले.

बाकीचं काम मी सगळं लिहीत बसत नाही. सोल्डरिंग आयर्नचं टोक स्क्रूवर टेकवून आतला चिकट पदार्थ तुम्ही गरम केलात. डोक्यात जरा मोठं बिट हलक्या हाताने ठोकून बसवलंत आणि घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवलंत. ‘टक्’ असा बारीक आवाज आला, तेव्हा बाकड्यावरचे दोन शेतकरीही उठून बघायला आले. मग चकात जाड अ‍ॅलन की आवळून, गिअर एकवर टाकून तिच्या दांडीवर हातोडीचा एकच टोला. चक सुटला. त्याच्या पाठीवर कोरलेलं माप तुम्ही मला वाचायला लावलंत : १३ मिमी, १/२-२० यूएनएफ. यातलं दुसरं आट्यांचं माप. ‘हे लक्षात ठेव, छोट्या चकाचं ३/८-२४ असतं, एकाचा चक दुसऱ्याला बसत नाही.’ आणि नवा आणायला मला मापासाठी जुना चक हातात देऊन पाठवलंत. स्वतः आणून त्यावर चार पैसे काढता आले असते. ते तुमच्या डोक्यातही आलं नाही.

नवा चक बसवल्यावर तुम्ही मशीन लगेच माझ्या हातात दिलं नाहीत. एक सरळ सळई चकात धरलीत, मशीन अगदी सावकाश फिरवलंत आणि सळईच्या जवळ खडू नेलात. खडूची रेघ सळईभोवती सगळीकडून सारखी उमटली. सळई वाकडी फिरत असती तर एकाच बाजूला डाग पडला असता, हे तुम्ही सांगायच्या आधीच मला दिसलं. मी ती खडूची रेघ बराच वेळ बघत राहिलो.

तुम्ही सांगितलेलं मी पाळतोय. छताला भोकं पाडली की धूळ थेट जबड्यात पडते, म्हणून काम झाल्यावर चक उघडून, तोंड खाली करून झटकतो. चक मुठीत धरून ट्रिगर दाबून आवळायची आमच्याकडे सगळ्यांना सवय आहे, ती माझ्या धाकट्या भावालाही सोडायला लावली.

आमचं अमळनेर साने गुरुजींचं गाव. १९२४ ते १९३० ते इथे शिक्षक होते. त्यांच्या माणुसकीवरची भाषणं आम्ही लहानपणापासून ऐकत आलो, आणि ऐकून घरी जात आलो. पण कारागिराच्या हातातली माणुसकी वेगळीच असते, नाना. तिला बोलावं लागत नाही. गिऱ्हाइकाची वस्तू जपून ठेवणं, जे निघेल ते खरं सांगणं, पाच रुपयांच्या कामाला पाचच रुपये लावणं. एवढ्यावर माणसाचा गावावरचा विश्वास टिकतो. तुमच्यासारखी माणसं प्रत्येक गावात असतात, कुठल्या तरी बोळात, रंग उडालेल्या पाटीखाली. त्यांच्या दुकानाला काच नसते, एसी नसतो, आणि त्यांच्याकडून माणूस रडवेला होऊन परत जात नाही. दुरुस्ती करणाऱ्याचा मान आपल्याकडे विकणाऱ्यापेक्षा कमी का, हे मला कळत नाही. माझ्या मते तो जास्त असायला हवा.

मजुरी विचारली तेव्हा तुम्ही जे सांगितलंत, ते ऐकून मी पुन्हा विचारलं. त्या मोबदल्यात गावात दोन माणसांचा शेवभाजीचा नाश्ताही होत नाही. जास्त द्यायला गेलो तर म्हणालात, ‘मोटार भरानं काम नही शे हाई.’ आणि पुन्हा स्टेटरकडे वळलात.

किचन वेळेत झालं, नाना. खड्डे सगळे एकसारखे, एकाही ठिकाणी सनमायका उडाला नाही. लेक माहेरी आली, घरात पुरणपोळी झाली, मला आणि भावाला जेवायला बसवलं. जेवताना मी त्या माउलीला तुमचं सांगितलं. त्यांनी डब्यात घालून तुमच्यासाठीही चार पोळ्या दिल्या होत्या. त्या घेऊन आलो त्या दिवशी तुमचं दुकान बंद होतं, म्हणून शेजारच्या पानवाल्याकडे ठेवल्या. मिळाल्या असतील अशी आशा आहे.

आता एक काम माझं. तुमच्या डाव्या हाताच्या भिंतीवरची फळी स्टेटरच्या वजनाने मधोमध वाकलीय, खालचा एक कोन सुटलाय. ती कधी तरी तुमच्या खांद्यावर येईल. मी तिथे बसलो होतो तेव्हा नजरेनेच माप घेतलंय. येत्या सोमवारी, बाजाराच्या गर्दीआधी, १८ मिमीची प्लाय आणि लोखंडी कोन घेऊन येतो. भिंतीत चांगल्या खोल भोकांत मोठे फास्टनर मारून पक्की फळी बसवून देतो. ड्रिल तुम्हीच दुरुस्त केलेलं असेल. मजुरीचं नाव काढू नका, आणि नाही म्हणू नका.

तुमचा,
फिटिंगवाला पोरगा, अमळनेर