शाफ्टचं टेंडर काढतानाच आवाजाची अट घाला

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

दोन पावसाळ्यांमागची गोष्ट आहे. रात्री जेवणं झाल्यावर छपरीत बसलो होतो आणि बाबा म्हणाले, "यंदा रातकिडे काऊन नाही ओरडून राहिले रे?" मी त्यांच्याकडे बघतच राहिलो, कारण अंगणात रातकिड्यांचा इतका कल्ला चालला होता की मलाच आवाज चढवून बोलावं लागत होतं.

बाबांनी बावीस वर्षं शाफ्ट सिंकिंगवर, म्हणजे खाणीत उतरायची खोल विहीर खोदायच्या कामावर, जॅकहॅमर (दगडात भोकं पाडायचं हवेवरचं मशीन) धरला, कधी या ठेकेदाराकडे तर कधी त्या. मी फिटर आहे, तीच मशीन दुरुस्त करतो, म्हणून हे लिहायचा मला थोडा हक्क आहे असं समजतो. नंतर त्यांची ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, करून आणली तर रिपोर्टवर ४००० हर्ट्झपाशी रेघ खड्ड्यात पडल्यासारखी खाली गेलेली. आवाजाने गेलेला कान असाच दिसतो म्हणे, आधी बारीक चढे आवाज जातात, रातकिड्याचा सूर साधारण त्याच पट्टीतला, मग बोलण्यातले स, श, त, थ निसटायला लागतात आणि त्या माणसाला वाटतं की समोरचेच तोंडातल्या तोंडात बोलतात. आमच्या घरी यावरून किती भांडणं झाली ते आम्हालाच माहीत, आणि आता कळतंय की चूक त्यांची नव्हतीच.

डॉक्टरांनी विचारलं, कामाला लागतानाचा रिपोर्ट आहे का? नव्हता. कोणी काढलाच नव्हता. आवाजामुळे येणारा बहिरेपणा २०११ साली केंद्र सरकारने खाणकामगारांच्या अधिसूचित रोगांच्या यादीत घातलाय, भरपाईच्या कायद्यातही तो आहे, पण पाच ठेकेदार बदललेल्या माणसाने कान नेमका कोणाच्या कामावर गेला हे दाखवायचं कसं सांगा.

आता शाफ्टमधलं बघा. गोल विहीर, चारही बाजूंनी दगड नाहीतर काँक्रीट, आवाजाला बाहेर जायला जागाच नाही, तळाला तीन-चार जॅकहॅमर एकदम चालतात आणि वरून पंख्याचा घोंगाट डक्टमधून खाली येतो. एका जॅकहॅमरचाच आवाज ११० डेसिबलच्या आसपास जातो. धनबादच्या डीजीएमएसने, म्हणजे केंद्राच्या खाण सुरक्षा महासंचालनालयाने, १९७५ च्या परिपत्रकात ८५ ला सावधानतेची आणि ९० ला धोक्याची मर्यादा सांगितली आहे, म्हणजे पन्नास वर्षं झाली. आणि डेसिबल काही साध्या बेरजेने वाढत नाही, तीन वाढले की आवाजाची ताकद दुप्पट, अमेरिकेतल्या निऑश या संस्थेच्या हिशोबाने ८५ मध्ये आठ तास चालतात तर १०० मध्ये फक्त पंधरा मिनिटं.

इअर प्लग दिलेत ना, असं साहेब लोक म्हणतात. दिलेत हो, पण घामाने चिकट झालेल्या, धुळीच्या हाताने बोळा कानात घातला की तो नीट बसतच नाही. आणि दुसरं म्हणजे दगड सुटायच्या आधी बोलतो, बारीक कटकट आवाज येतो, जुना माणूस तो ऐकून मागे सरतो. कान बंद करून फेसवर, म्हणजे खोदाई चालू असते त्या दगडापाशी, उभं राहायची त्याला भीती वाटते आणि ती भीती खोटी नाहीये, म्हणून निष्काळजी कामगार म्हणून त्याच्या नावाने बोटं मोडू नका.

खरा उपाय मशीनवरच आहे. जॅकहॅमरच्या एक्झॉस्टला मफलर येतो, पण दाबाची हवा बाहेर पडताना एकदम गार होते, हवेत ओल असली की मफलरमध्ये बर्फ धरतो, मशीन मंद पडतं, फुटेज (किती फूट भोक पडलं ते) कमी होतं आणि पोरं मफलर काढून कोपऱ्यात फेकतात. मी असे किती तरी मफलर उचललेत. एअर लाइनला चांगला वॉटर सेपरेटर लावला आणि तो रोज ड्रेन केला तर बर्फ खूप कमी होतो, काही लाखांचं काम नाही हे. पंख्याला सायलेन्सर लावता येतो, कंप्रेसर माणसांपासून लांब ठेवता येतो, जागा असेल तिथे केबिनवाला हायड्रोलिक जंबो, म्हणजे केबिनमध्ये बसून चालवायचं भोकं पाडायचं मोठं मशीन, वापरता येतो. पण हे सगळं काम सुरू व्हायच्या आधी ठरायला पाहिजे, एकदा मशीन उतरलं आणि खोदाईच्या मीटरवर बिल सुरू झालं की मग कोणी काही बदलत नाही, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

म्हणून माझं म्हणणं एवढंच की टेंडरमध्येच लिहा, कोणतं मशीन किती आवाजाचं चालेल, मोजणार कोण, मफलर-सायलेन्सरचा खर्च वेगळा धरा म्हणजे ठेकेदार त्यात काटकसर करणार नाही, आणि कंत्राटी माणसाची पहिली ऑडिओमेट्री कामावर उतरायच्या आधी करून रिपोर्टची कॉपी त्याच्या हातात द्या. अमेरिकेत २००० पासून खाणींसाठी असा नियम आहे की आधी मशीन आणि कामाची पद्धत सुधारा, नुसत्या प्लगवर भागवू नका.

आमच्याकडची पोरं आजही सिंकिंगच्या कामाला जातात, राजस्थान, झारखंडपर्यंत. त्यांच्या घरच्यांना विनंती आहे, जायच्या आधी तालुक्याला नाही तर नागपूरला नेऊन कानाची तपासणी करून घ्या आणि कागद आधार कार्डासोबत जपून ठेवा.

आपला,
एक खाण फिटर, नागपूर जिल्हा