कॉलमच्या रिंगाही मोजा

मा. संपादक,

इमारत पडली की दुसऱ्या दिवशी ‘निकृष्ट सिमेंट, कमी स्टील’ असा निकाल छापून येतो. सळई पुरेशी, सिमेंट चांगले, तरीही कॉलम फुटला, असेही होते. म्हणून थोडे सविस्तर लिहीत आहोत.

वजनाची वाट सरळ आहे: स्लॅबवरून बीमवर, बीमवरून कॉलमवर, तिथून पायात आणि जमिनीत. 150 मिमी जाडीच्या स्लॅबचे स्वतःचेच वजन चौरस मीटरला सुमारे 375 किलो भरते. राहत्या घरात माणसे आणि सामान यांसाठी 200 किलो धरतात. गच्चीवर मीटरभर खोल पाणी साठवले तर तेच 1000 किलो होते. त्यामुळे मागाहून टाकी बसवायची तर आधी हिशेब हवा.

काँक्रीट दाब सोसते, ताण (म्हणजे ओढ) मात्र त्याच्या जेमतेम दहाव्या हिश्श्याएवढा. जिथे ताण येतो तिथे सळई हवी. बीमच्या मध्यावर ती खालून, टेकूपाशी वरून. बाल्कनीला तर मुख्य सळई वरच. काँक्रीट ओतताना त्याच जाळीवरून कामगारांची ये-जा असते आणि सळई दबते. 120 मिमीच्या बाल्कनीत ती 30 मिमी खाली गेली, तर ताकद सुमारे एक तृतीयांशाने घटते. नकाशात सगळे बरोबरच असते! खालून आधाराला खुर्च्या, म्हणजे वरची जाळी उचलून धरणारे वाकवलेल्या सळईचे टेकू, पुरेशा लावल्या असत्या तर हे टळले असते.

आता रिंगा, म्हणजे कॉलमच्या उभ्या सळयांभोवती आडव्या बांधलेल्या बारीक सळईच्या चौकटी. उभ्या सळया दाबाखाली बाहेर फुगू नयेत आणि आतले काँक्रीट आवळलेले राहावे, ही त्यांची दोन कामे. भूकंपात कॉलमला सर्वांत जास्त मार बसतो तो दोन्ही टोकांना, म्हणजे जमिनीलगत आणि बीमच्या खाली. तिथे रिंगांमधले अंतर 100 मिमीपेक्षा जास्त नको. रिंगेचा हूक, म्हणजे तिच्या टोकाचा वाक, 135 अंशांत आत वळवायचा आणि त्यापुढचे टोक रिंगेच्या जाडीच्या सहापट, किमान 65 मिमी ठेवायचे. साइटवर 90 अंशांचा हूक सर्रास दिसतो, कारण वळवायला सोपा. हादऱ्याने बाहेरचे कव्हर (सळयांवरचा काँक्रीटचा थर) गळून पडले की तो उघडतो, रिंग सुटते आणि सळया फुगून बाहेर येतात. बीम-कॉलमच्या सांध्यात तर गर्दी होते म्हणून रिंगा गाळल्याच जातात. आमच्या मते हा सर्वांत महागात पडणारा आळस आहे. वाचते ते स्टील अगदीच किरकोळ.

तळमजल्यावर फक्त पार्किंग असेल तर धोका वाढतो. वरचे मजले भिंतींमुळे ताठ राहतात आणि सगळी हालचाल खालच्या उघड्या कॉलमवर येते.

पाण्याबद्दलही एक. सिमेंटच्या 50 किलोच्या गोणीला साडेबावीस लिटरऐवजी 30 लिटर पाणी घातले की माल सहज पसरतो, पण ताकद पाव ते एक तृतीयांश कमी होते. ओल्या वाळूतले पाणी यातच धरायचे, जे सहसा विसरले जाते.

काँक्रीट पडल्यावर यातले काहीही डोळ्यांना दिसत नाही. म्हणून घर घेणाऱ्यांनी प्रत्येक मजल्याच्या ओतकामाआधीचे फोटो मागावेत: कॉलमच्या टोकांशी टेप धरून रिंगांचे अंतर दाखवणारे, हूक जवळून दाखवणारे आणि सांध्याचा एक तरी.

आपले,
काही स्ट्रक्चरल इंजिनीअर