उतरवलेली नोटीस

कासारवडवली, ठाणे
१८ मे

प्रिय मेधा,

तुझं पत्र मंगळवारी मिळालं. त्या बदलीवरून बिनसल्यापासून तुम्ही सातजणी शिक्षिका स्टाफरूममध्ये एकाच टेबलाभोवती डबे खाता आणि दोन महिन्यांत कुणी कुणाला साधं लोणचंसुद्धा विचारलेलं नाही, हे वाचून जीव कळवळला. पुढे तू लिहितेस, 'निदान भांडण तरी नाही, शाळेत सगळं शांत आहे.' त्या वाक्यापाशी मी अडकले गं. गेल्या उन्हाळ्यात मीही हेच म्हणत होते.

आमच्या सोसायटीत ए आणि बी अशा दोन विंग. जमिनीखालची टाकी एकच, तिथून पंपाने दोन्ही गच्च्यांवर पाणी चढतं. एप्रिल लागला की घोडबंदर रोडच्या या पट्ट्यात टँकरची धावपळ सुरू होते. गेल्या वर्षी बी विंगचे नळ सकाळी नऊलाच कोरडे पडायचे. सेक्रेटरी ए विंगमध्ये राहते म्हणून वॉचमन तिकडे जास्त वेळ पंप चालवतो, अशी कुजबुज सुरू झाली. सेक्रेटरी म्हणजे मी. माझं डोकं फिरलं आणि मी फलकावर नोटीस लावली : 'बी विंगमधील रहिवाशांनी पाण्याची उधळपट्टी थांबवावी.' खाली सही, शिक्का.

कुणीही भांडायला आलं नाही. मला वाटलं, मिटलं. चौथ्या दिवशी वॉचमनने एक पाकीट आणून दिलं. आत माझ्याच घराची किल्ली. बी विंगमधल्या, सातव्या मजल्यावरच्या काकूंकडे ती नऊ वर्षं असायची. माझी मुलं शाळेतून आली की त्याच दार उघडून द्यायच्या. पाकिटात चिठ्ठी नव्हती. ती किल्ली हातात घेऊन मी किती वेळ दारात उभी होते, मला आठवत नाही.

त्याच सुमारास ऑफिसात जेवताना भिवंडीचा विषय निघाला. आमच्या एका सहकारी बाईंचं माहेर तिथलं. खाडीपलीकडचं ते यंत्रमागांचं गाव १९७० आणि १९८४ च्या दंगलींत होरपळलेलं. त्यानंतर पोलीस उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडे यांनी तिथे मोहल्ला समित्या उभ्या केल्या. हिंदू, मुसलमान आणि पोलीस नियमित एकत्र बसू लागले, गल्लीतल्या कुरबुरींवर बोलू लागले. १९९२-९३ ला मुंबई पेटली तेव्हा भिवंडीत दंगल झाली नाही. मला त्यातली एकच गोष्ट मनात घर करून राहिली. त्या माणसांची ओळख आग लागल्यावर झालेली नव्हती, ती आधीच झालेली होती. आम्ही मात्र नऊ वर्षांची ओळख एका कागदापायी घालवून बसलो होतो.

त्या संध्याकाळी नोटीस उतरवली आणि जिन्याने वर गेले. काकूंनी दार उघडलं, 'ये' म्हणाल्या नाहीत. मी उभ्यानेच माफी मागितली. मग त्यांनी आत नेऊन न्हाणीघर दाखवलं. काका अंथरुणाला खिळलेले, रोज दोन-तीन चादरी धुवाव्या लागतात. पहाटे साडेचारला उठून त्या पाच बादल्या भरून ठेवायच्या. त्यांच्या दारासमोरून मी कितीदा गेले असेन, पण हे मला माहीत नव्हतं. 'उधळपट्टी' हा शब्द त्यांनी एकदाच उच्चारला, हळू आवाजात.

पुढच्या रविवारी दोन्ही विंगची आठ माणसं गच्चीवर बसलो. कार्ल रॉजर्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने सुचवलेला एक नियम धरला : समोरचा काय म्हणाला ते त्याला पटेल असं आपल्या शब्दांत सांगायचं, मगच आपलं बोलायचं. करून बघ, फार जड जातं. तिसऱ्याच माणसापाशी आवाज चढले, एकजण उठून गेले, ते आजही माझ्याशी बोलत नाहीत. उरलेल्यांनी मात्र ठरवलं की गच्च्यांवरच्या दोन्ही टाक्यांत रोज काठी सोडायची आणि पाणी वहीत लिहायचं. ए आणि बी, दोघांसमोर. आठवड्यात दिसलं की बी विंगची टाकी पाऊणच भरते. प्लंबर चढला. टाकी भरली की पाणी बंद करणारा तो बॉल कॉक, त्याचा गोळा टाकीच्या भिंतीला अडकत होता, त्यामुळे पाणी आधीच बंद व्हायचं. पंप सारखाच चालत होता; वॉचमन बिचारा दीड महिना नाहक बोलणी खात होता. त्याचीही मी माफी मागितली.

काहीजण सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांकडे तक्रार करा म्हणत होते. कायद्याचा रस्ता आहेच. २०२३ च्या मध्यस्थी कायद्यात शेजारपाजारच्या तंट्यांसाठी सामुदायिक मध्यस्थीची तरतूद आहे, तीन मध्यस्थांसमोर. तिथला समझोता मात्र दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखा बजावता येत नाही. माणसांनी पाळला तरच तो टिकतो. मला ते फार पटलं.

ऑफिसातही माझ्यात फरक पडलाय. पूर्वी कुणाची चूक दिसली की मी सगळ्यांना मेल टाकायची. आता उठून त्याच्या टेबलापाशी जाते, 'काय झालं?' एवढंच विचारते आणि गप्प बसते. ते गप्प बसणं अजून शिकतेच आहे.

मेधा, कुणी सुरुवात केली, कुणाची बदली कुणामुळे झाली, हे सध्या बाजूला ठेव. तुमच्या त्या खोलीतही कुणाच्या तरी पाच बादल्या असतील. एकीलाच गाठ, एकटीला.

किल्ली अजून माझ्याच कपाटात आहे. परत द्यायला गेले तेव्हा काकू म्हणाल्या, 'थांब जरा.' थांबलेय. काल मात्र त्यांनी वॉचमनच्या हाती कैरीचं पन्हं पाठवलं, बाटलीला ओला रुमाल गुंडाळून.

तुझ्या डब्यातलं लोणचं आधी कुणापुढे सरकवलंस, ते लगेच कळव.

तुझीच,
नीला