सोनीच्या पोटाचा फोटो पाहिला

चि. चिऊस,
अनेक आशीर्वाद.

सोनीच्या पोटाचा फोटो पाहिला. 'मांजरीचे केस गळतायत' असं तू लिहिलंस, पण मला तसं वाटत नाही. त्या जागेवरून केसांच्या उलट दिशेनं हात फिरवून बघ. बोटांना खुंट लागले तर केस गळलेले नाहीत, तिनं चाटून चाटून तोडलेत. 'मी तर तिला चाटताना पाहिलं नाही' म्हणशील. बरीच मांजरं हा उद्योग आपली पाठ वळल्यावर करतात.

आधी संशय पिसवांचा. बारीक दातांच्या फणीनं शेपटीच्या बुडाशी विंचर आणि निघालेला काळा भुगा ओल्या पांढऱ्या कापडावर टाक. भोवती तांबूस रंग उतरला तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्तच. एकही पिसू दिसली नाही तरी निर्धास्त होऊ नकोस. चाटता चाटता मांजर त्या गिळून टाकतं, आणि ॲलर्जी असली तर दोन-चार चावेही पुरतात. मानेवर, पाठीवर बाजरीच्या दाण्यांसारख्या खपल्या लागतात का तेही चाचप. डोळ्यांपेक्षा बोटांना त्या आधी कळतात. पिसवा निघाल्या तर नुसत्या मांजराला औषध देऊन भागत नाही. अंडी आणि अळ्या तिच्या अंथरुणात, जमिनीच्या फटींत असतात.

गोल चट्टा, त्यावर कोंडा, आणि तुझ्याच हातावर गजकर्ण उठलं, तर बुरशी समज. आणि नुसतं पोटच चाटत असेल तर ती लघवीला सारखी बसते का, थेंब थेंब होते का, ते बघ. कधी कधी दुखणं मूत्राशयाचं असतं आणि आपण कातडीला दोष देत बसतो.

आता खरं सांगायचं ते. मनी आठवते? तू लहान होतीस, 'मनीला बरं नाही' एवढंच तुला सांगितलं होतं. तिला आजारी मीच पाडलं होतं. कुत्र्याचं पिसवांचं औषध कुणीतरी दिलं, मी हिशेब केला, मांजर लहान, म्हणून अर्धंच मानेवर घातलं. त्यात परमेथ्रिन नावाचं कीटकनाशक होतं. कुत्र्याला ते चालतं, मांजराच्या शरीराला त्याचा निचरा करता येत नाही. संध्याकाळपर्यंत ती थरथरायला लागली, मग झटके. दोन दिवस दवाखान्यात होती. वाचली, पण ती रात्र मी विसरलेले नाही.

म्हणून सांगते, टी ट्री तेल नको, तुझं खाजेचं मलम नको, आणि पॅरासिटामॉलची गोळी तर मुळीच नको, तिनं मांजर दगावतं. अंगावर लावलेलं सगळं तिच्या पोटातच जाणार आहे. डॉक्टरांकडे नेण्याआधी अंघोळही घालू नकोस, ज्या खपल्या त्यांना बघायच्यात त्याच धुऊन जातील.

हात फिरवून काय लागलं ते आज रात्रीच कळव.

तुझी,
आई