आरोग्यमंत्री साहेब, पोटुशी बाईने तापात कुठली गोळी घ्यायची?

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य,

साहेब नमस्कार, विषय एका गोळीचा आहे पण त्यावरून आमच्या घरात रात्रभर जागरण झालंय.

वहिनीला सातवा महिना, ताप 102, आणि ती क्रोसिनला हात लावेना. का तर व्हॉट्सअ‍ॅपवर आलेलं, याने बाळाला ऑटिझम होतो. उगम सांगते, 22 सप्टेंबर 2025 ला ट्रम्पतात्या व्हाइट हाऊसमधून गरोदर बायकांना म्हणाले टायलेनॉल घेऊ नका, सहन करा. (तात्यांना कळा कधी आल्या होत्या देव जाणे.) टायलेनॉल म्हणजे आपली पॅरासिटामॉलच, क्रोसिनमध्ये असते ती, एवढं फॉरवर्डवाल्यांनी बरोबर शोधलं, पुढचं काही वाचलं नाही.

पुढचं असं की 2024 मध्ये स्वीडनचा अभ्यास आला, 1995 ते 2019 मध्ये जन्मलेली जवळपास 25 लाख मुलं. वरवर बघितलं तर गोळी घेतलेल्या आयांच्या मुलांत ऑटिझम किंचित जास्त, पण एकाच आईची दोन मुलं घेतली, एकाच्या वेळी गोळी खाल्लेली, दुसऱ्याच्या वेळी नाही, तर फरकच उरला नाही. अहो गोळी कोणी हौसेने खातं का, ताप असतो, मायग्रेन असतं, शिवाय घराण्यातून काय येतं ते वेगळंच. काही अभ्यासांत संबंध दिसलाय हेही खरं, म्हणूनच डॉक्टर सांगतात विचारून घ्या, गरजेपुरतीच घ्या. पण जास्तीचा ताप अंगावर काढणं बाळाला बाधू शकतं, हे कुठल्याच फॉरवर्डमध्ये नव्हतं.

आता खरी भानगड. दादा मेडिकलवर गेला, म्हणाला क्रोसिन सोडून तापाचं काहीतरी द्या, त्याने कात्रीने पट्टी कापून दोन गोळ्या दिल्या, कोणासाठी विचारलं पण नाही. कापलेल्या तुकड्यावर अर्धंच नाव, पण खाली बारीक अक्षरात आयबुप्रोफेन वाचता आलं म्हणून वाचलो. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक ही मंडळी 20 आठवड्यांनंतर बाळाच्या किडनीला त्रास देऊ शकतात, पोटातलं पाणी कमी होतं, अमेरिकेच्या एफडीएने 2020 मध्येच बजावलंय. सातव्या महिन्यापासून पुढे तर बाळाच्या हृदयाजवळची रक्तवाहिनी वेळेआधी बंद व्हायची भीती. म्हणजे साध्या गोळीला घाबरून आम्ही हीच घरी आणली होती!

दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची तपासणी असते ना, तिथे हे दोन वाक्यांत सांगायला लावा, आशाताईंना मराठीत साधा ऑडिओ पाठवा, व्हॉट्सअ‍ॅपवरच पाठवा. मेडिकलवाल्यांचं खातं वेगळं आहे माहितीये, पण तुम्ही एकाच कॅबिनेटमध्ये बसता.

वहिनीचा ताप पहाटे उतरला, डॉक्टरांना फोन करून दिलेल्या पॅरासिटामॉलनेच. सासूबाईंच्या ग्रुपवर तो मेसेज अजून फिरतोय.

आपली,
एक नणंद