जळगाव–मुंबई ४५ मिनिटांत?

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

कालच्या अंकातील ‘जळगावहून मुंबई अवघ्या ४५ मिनिटांत’ ही चौकट वाचली. हे गणित कसे झाले, हे ओळखायला ज्योतिषी नको. दोन विमानतळांमधले सरळ हवाई अंतर साधारण ३५५ किलोमीटर. त्याला एटीआर विमानाच्या ताशी सुमारे ५०० किलोमीटर वेगाने भागले आणि आलेले उत्तर छापले. परंतु हा वेग विमानाने उंची गाठल्यानंतरचा असतो. धावपट्टीपर्यंत सरकत जाणे, चढणे, उतरणे यांत वेळ जातोच. शिवाय मुंबईच्या दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदत असल्यामुळे एका वेळी एकीवरच भिस्त असते आणि आपली पाळी येईपर्यंत आकाशात घिरट्या घालाव्या लागतात. शेजारी दिलेले रेल्वेचे ४२० किलोमीटर मात्र आपण कसाऱ्याच्या वळणांसकट मोजले आहेत, ही तुलना मोठी न्याय्य म्हणायची.

गेल्या मार्गशीर्षात भाचीच्या साखरपुड्यासाठी मीही हौसेने विमानाचे तिकीट काढले होते. फैजपूरहून सकाळी साडेदहाला निघून, तापी ओलांडून, भुसावळमार्गे बाराच्या सुमारास विमानतळावर पोहोचलो. तेथे तपासणी झाली, मग विमानाला उशीर झाल्याचे कळले, आणि पावणेतीनला ते एकदाचे उडाले. मुंबई खाली दिसू लागल्यावर वीस-पंचवीस मिनिटे आम्ही तीच खाडी पुन्हा पुन्हा पाहिली. सामान मिळून दादरला कार्यालयाच्या पायऱ्या चढलो तेव्हा सहा वाजून गेले होते, साखर वाटून झाली होती. आमचे मेहुणे आदल्या रात्री भुसावळला दशम्या आणि ठेचा बांधून गाडीत बसले, पहाटे दादरला उतरले आणि आंघोळ करून झोपसुद्धा काढून बसले होते. मला पाहताच म्हणाले, “काय भाऊ, मुक्कामी विमान होतं का?” हा विनोद आता आमच्या घरी प्रत्येक लग्नकार्यात होतो.

विमानसेवेला माझा विरोध नाही. २०१२ मध्ये विमानतळाचे उद्घाटन झाल्यावर नियमित विमानाची कित्येक वर्षे वाट पाहणाऱ्यांपैकी मीही एक आहे. दाराबाहेर पाऊल टाकल्यापासून मुक्कामी पोहोचेपर्यंतचा वेळ छापा, एवढेच मागणे आहे. धावपट्टीवर कोणी राहत नाही.

अंतराचाच विषय निघाला आहे म्हणून: आपण आमच्या आवृत्तीतही संकष्टीचा चंद्रोदय मुंबईचाच छापता. जळगाव मुंबईच्या पूर्वेला पावणेतीन रेखांश आहे, म्हणजे इकडे चंद्र सुमारे दहा मिनिटे आधी उगवतो. ती दहा मिनिटे आमच्या सौभाग्यवती दर महिन्याला, चंद्र डोळ्यांसमोर असताना, आपल्या अंकावर विश्वास ठेवून उपाशी बसतात.

आपला,
एक जुना वर्गणीदार, फैजपूर