राणीबागेतल्या अनोळखी हातांचे आभार

कामानिमित्त खान्देशातून मुंबईला गेलेल्यांना राणीबागेत वाट दाखवणाऱ्या माळीदादांचे, झाडलोट करणाऱ्या मावश्यांचे आणि फाटकावरच्या रखवालदारांचे जळगाव-धुळ्याकडच्या झाडवेड्यांकडून मनापासून आभार. नावं कुणाची ठाऊक नाहीत.

दादरहून धीम्या लोकलने चौथं स्टेशन भायखळा, बाहेर पडायचं पूर्वेला. बुधवारी बाग बंद. आपल्याकडची माणसं नेमकी त्याच दिवशी फाटकावर उभी राहतात, आणि रखवालदार न चिडता दुसऱ्या दिवशी यायला सांगतो!

उर्वशीचं झाड बघायचं तर हिवाळ्यात. लाल फुलांचे घोस झुंबरासारखे लोंबतात, पाकळीच्या टोकाला पिवळा ठिपका. कोवळी पालवी तपकिरी, लुळी लोंबते. झाड सुकलं असं वाटतं, पण ती तशीच असते; हे माळीदादांनीच सांगावं. कैलासपतीच्या झाडाची फुलं वर फांद्यांत शोधू नका, ती थेट खोडावर येतात. वास सकाळी घ्यावा. त्याची तोफगोळ्याएवढी जड फळं पडतात, म्हणून मावश्या खाली बसू देत नाहीत. फूल पाहिजेच असेल तर गळालेलं उचला. तेही त्या केर भरताना बाजूला काढून हातावर ठेवतात.